तळटीप १७ : ‘पोर्टलात नाव घातले’

१७. येथील ‘पोर्टल’ म्हणजे अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडांची नियामक संस्था जी एनसीएए, तिने ऑक्टोबर २०१८ मध्ये उघडलेले संगणकीय दफ्तर. विद्यापीठ सोडू इच्छिणाऱ्या खेळाडूचे नाव त्यात एकदा दाखल झाले, की अन्य प्रशिक्षकांस त्याच्याशी बोलणी करण्याची मुभा मिळते. पूर्वी अशा खेळाडूस नव्या ठिकाणी बहुधा एक वर्ष सामन्यांविना काढावे लागे, ती अट २०२१ मध्ये पहिल्या बदलीपुरती, आणि २०२४ मध्ये, अभ्यासात पात्र असणाऱ्यांपुरती, सर्वस्वी रद्द झाली. त्यातच १ जुलै २०२१ पासून स्वतःच्या नावलौकिकावर द्रव्यार्जन करण्याची परवानगी खेळाडूंस मिळाल्यामुळे, जो संघ शाळकरी मुलांतून निवडून चार वर्षे घडवीत न्यावा, तो आता दरसाल नव्याने जमवावा लागतो. उदाहरणार्थ, अमेरिकी फुटबॉलचा खेळाडू केलेब विल्यम्स ओक्लाहोमाहून आपल्या प्रशिक्षकामागोमाग सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात गेला आणि त्याच वर्षी, २०२२ साली, महाविद्यालयीन फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूस मिळणाऱ्या हाइझमन पारितोषिकाचा मानकरी ठरला. प्रस्तुत उताऱ्यातील प्रशिक्षकाचा संताप या पार्श्वभूमीवर वाचावा. मात्र प्रशिक्षकांना स्वतः नोकरी बदलताना असे रिकामे वर्ष कधीच काढावे लागले नव्हते, ही गोष्ट लेखकाने येथे गाळली आहे. — संपादक