पित्ताशयाची शस्त्रक्रिया आणि ‘दुर्बीण’ हा शब्द

मराठीत जी ‘दुर्बिणीची शस्त्रक्रिया’ म्हणून रूढ झाली, तिला इंग्रजीत कुलपाच्या छिद्रावरून एक नाव पडले आहे. घरांना दारे-कुलपे न लावण्याची परंपरा असलेल्या शनिशिंगणापुरात हे रूपक कितपत रुजले असते, कोण जाणे! मराठीने छिद्र सोडून पाहण्याच्या साधनावरून नाव घेतले. ‘दुर्बीण’ हा शब्द मूळचा फारसी. दूरचे पाहणारी ती दुर्बीण. येथे मात्र ती वीतभर अंतरावरील पित्ताशय दाखविते. अर्थविस्ताराचे हे उदाहरण लक्षणीय आहेच. परंतु या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहता तेच नाव अधिक यथार्थ ठरते.

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये बर्लिन येथे केली. पुढे शतकभर तीच वाट होती. १९८५ मध्ये जर्मनीत एरिख म्यूहे यांनी आणि १९८७ मध्ये लिऑन येथे फिलिप मूरे यांनी लहान छेदांतून ते कार्य साधले. भारतात हा मान मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील डॉ. तेहेमतन उडवाडिया यांचा, वर्ष १९९०. तथापि ते १९७२ पासूनच दुर्बिणीने पोटातील रोगांचे निदान करीत होते. म्हणजे आपल्याकडे पाहणे आधी आले, कापणे मागाहून.

पद्धतींची तुलना करताना शस्त्रवैद्याच्या उभे राहण्याच्या जागेची चर्चा फार होते. अमेरिकी पद्धतीत तो रुग्णाच्या डाव्या बाजूस उभा राहतो, फ्रेंच पद्धतीत रुग्णाच्या दोन पायांमध्ये. छेद बहुधा दोहोंतही चारच. बेंबीतील एकाच छेदाची पद्धत नंतरची. तीत व्रण झाकला जातो, पण उपकरणे एकमेकांस अडतात.

खरा भेद यात नाही. नव्या पद्धतीच्या आरंभकाळी मुख्य पित्तनलिकाच चुकून कापली जाण्याचे प्रकार पूर्वीपेक्षा वाढले, कारण तीच पित्ताशयाची नळी भासे. यावर १९९५ मध्ये स्ट्रासबर्ग यांनी जो दंडक सुचविला, तो सर्वस्वी दृष्टीचा आहे: यकृताखालील त्रिकोणातील चरबी व तंतू दूर करावे, पित्ताशयाचा खालचा तृतीयांश भाग यकृतापासून सोडवावा, आणि पित्ताशयात शिरणाऱ्या दोनच वस्तू, एक नळी व एक रोहिणी, स्पष्ट दिसल्यावाचून काहीही कापू नये. त्या दिसत नसतील तर पित्ताशयाचा काही भाग आत ठेवूनच थांबावे, किंवा लांगेनबुख यांच्या वाटेने पोट उघडावे.