दगड वेलीतून पेल्यात उतरतो?

जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या रीसलिंग वाइनविषयी जाणकारांत एक मत रूढ आहे. वेलीची मुळे पाटीच्या दगडात खोल शिरतात, त्याचा गुण शोषतात आणि तोच पेल्यात उतरतो.

पूर्वपक्ष लोभस आहे, पण टिकत नाही. मुळे दगड शोषत नाहीत. पाण्यात विरघळलेले पोटॅशियम, कॅल्शियम यांचे आयन तेवढे घेतात. ते कोणत्या खडकातून आले, याची खूण त्यांच्यावर नसते. वाइनमध्ये उरणारे त्यांचे प्रमाणही सहसा जिभेला कळण्याइतके नसते. भूवैज्ञानिक अ‍ॅलेक्स मॉल्टमन हे वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. वाइन विकणाऱ्यांना ते गैरसोयीचे आहे, एवढेच. जुन्या रीसलिंगचा रॉकेलसारखा वासही काहीजण दगडाच्या खात्यावर मांडतात. तो येतो मण्यांतल्या कॅरोटिनॉइडांच्या विघटनातून, आणि ज्या घडांवर ऊन जास्त, त्यांत अधिक.

मग शेजारशेजारच्या बागांच्या वाइनची चव वेगळी का? कारण त्यांचा उतार, दिशा, उंची आणि मातीची खोलीही वेगळी असते. या गोष्टी समान ठेवल्याशिवाय श्रेय दगडाला देणे म्हणजे तर्काला फाटा देणे.

मोझेलचे खोरे 50 अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे विषुवदिनी भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम 40 अंश वर येतो. त्या वेळी 30 अंशांच्या दक्षिणाभिमुख उतारावर सपाट जमिनीच्या जवळजवळ दीडपट ऊन पडते. (याच खोऱ्यातल्या ब्रेम गावचा काल्मोंट हा द्राक्षमळा तर काही जागी 60 अंशांहून तीव्र आहे, तिथे तोडणी करणाऱ्यांची कीव येते.) रात्री थंड हवा घरंगळत तळाशी साचते, म्हणून हिमाचा फटका खोलगट भागाला आधी बसतो. फार वर जावे, तर दर 100 मीटरला तापमान सुमारे 0.6 अंशाने उतरते. म्हणून मधला पट्टा फायद्याचा. दगडाचे महत्त्व मी नाकारत नाही. काळसर पाटी दिवसा तापते, संध्याकाळी ऊब सोडते आणि पाण्याचा निचरा करते. पण हे काम उष्णतेचे आणि पाण्याचे झाले, चवीचे नव्हे.

आपल्याकडे नाशिकच्या टेकड्यांवरच्या बागांनाही हल्ली हेच मोझेली कौतुक चिकटवतात. नाशिक 20 अक्षांशावर. वाइनची द्राक्षे मुख्यतः जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात. इथे उन्हाचा तुटवडा नाही, त्यामुळे उताराचा मोठा उपयोग पावसाळ्यात मुळांशी पाणी न साचण्याचा. पेल्यात इथला बेसाल्ट खडक शोधणाऱ्याने आधी बागेतला निचरा आणि घडांवरची सावली पाहावी.