काशीच्या घाटांवरील मराठी वाडे

काशीस जाणारा मराठी यात्रेकरू अस्सीपासून पंचगंगेपर्यंत नावेने येतो, तेव्हा डाव्या हातास उभी असलेली प्रासादांची अखंड रांग त्यास विश्वेश्वराइतकीच पुरातन भासते, आणि नावाडीही त्याची ही समजूत मोडण्याच्या भानगडीत पडत नाही. वस्तुतः त्या रांगेतील बहुतेक दगड अठराव्या शतकाच्या पलीकडे जात नाही. त्यातला फार मोठा हिस्सा पुणे, नागपूर, इंदूर आणि ग्वाल्हेर येथील पैशाने बांधला गेला आहे. काशी हिंदु विश्वविद्यालयात अध्यापन करणारे अनंत सदाशिव आळतेकर यांनी अर्वाचीन काशी ही बव्हंशी मराठ्यांची निर्मिती आहे असे जे मत नोंदविले, ते केवळ स्वजनाभिमानाने नव्हे. आज ज्यांस आपण प्राचीन वैभव म्हणून हात जोडतो, ती आपल्या काळी धनिकांची अगदी नवी, अतिशय महागडी आणि शेजाऱ्याच्या डोळ्यांवर यावी अशाच बेताने बांधलेली घरे होती.

महाराष्ट्रीयांची काशीतील वस्ती याहून जुनी, हे खरे. पैठणहून गेलेल्या भट्ट घराण्याने सोळाव्या शतकातच तेथे विद्वत्तेची गादी स्थापिली होती आणि 1674 मध्ये शिवछत्रपतींच्या राज्याभिषेकास गागाभट्ट आले ते तेथूनच. परंतु ही मंडळी शास्त्र्यांची. त्यांचे वैभव ग्रंथांत होते, घरे मात्र गल्लीबोळांत. नदीच्या काठास मराठी पैसा लागला तो पहिल्या बाजीरावाच्या अमदानीत. 1735 मध्ये बाजीरावाच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस गेल्या आणि वाटेतील रजपूत राजांनी व मोगल अंमलदारांनीही त्यांची बडदास्त ठेवली. त्याच सुमारास पेशव्यांचे काशीतील कारभारी सदाशिव नाईक आणि पेशव्यांस गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर यांच्या देखरेखीखाली घाटांची पक्की बांधणी सुरू झाली. ब्रह्माघाट व दुर्गाघाट हे दीक्षितांच्या नावाशी निगडित. त्यांच्याच आसपास पुढे नाना फडणविसांचा वाडा आला, आंग्र्यांचा आला, आणि तो सारा मोहल्ला हळूहळू मराठी बोलू लागला.

अशा घराची किंमत नेमकी कशात पडत असे, हे समजण्यास त्याचा नकाशा वरून खाली न वाचता खालून वर वाचावा लागतो. पुण्यातील सरदाराने वाडा बांधावयास काढला, की जोत्याचा खर्च हा एकूण खर्चाचा लहानसा भाग; पैसा मुरत असे तो सागवानी खांबांत, कोरीव तुळयांत, दिवाणखान्याच्या छतात आणि चौकातील कारंज्यांत. काशीत हा हिशेब उलटला. पावसाळ्यात गंगा चाळीस-पन्नास फूट सहज चढते. तेव्हा काठावर राहावयाचे तर आधी पुरास तोंड देईल असा दगडी तट उभारावयाचा आणि मग त्याच्या डोक्यावर घर. हा दगड चुनारचा, बदामी छटेचा वालुकाश्म. खाण नदीच्या वरच्या अंगास, त्यामुळे तो होड्यांतून प्रवाहाबरोबर खाली आणता येई, ही या शहरावर निसर्गाची मोठीच मेहेरबानी. पण पाण्याशी झुंजणारा पाया नदी ओसरलेली असतानाच घालावयाचा, आणि आषाढ लागण्यापूर्वी तो सुरक्षित पातळीवर आणावयाचा. म्हणजे वर्षातील काही महिनेच काम, आणि तेवढ्या अवधीत मजूर, पाथरवट व चुना यांवर पाण्यासारखा पैसा ओतणे भाग.

या खटाटोपाचे फळ भोसले घाटावर जवळून पाहावे. नागपूरकरांचा तो वाडा नदीकडून एखाद्या किल्ल्याच्या बुरजासारखा दिसतो: खाली नुसती भव्य, आंधळी भिंत; आणि पुराच्या आवाक्याबाहेर, अगदी वरच्या अंगास, लहान लहान नक्षीदार खिडक्यांची ओळ. घराचा नित्याचा दरवाजा मागच्या अरुंद गल्लीत. म्हणजे ज्या दर्शनी भागावर द्रव्य ओतले, तो घरच्या माणसांस रोज दिसावयाचाच नाही; तो नावेतल्या परक्यासाठी आणि गंगेसाठी. पायऱ्या सर्वांच्या, त्यांवरील घर मालकाचे, आणि दोहोंवर नाव त्याचेच. पुण्य आणि प्रतिष्ठा एकाच खर्चात साधण्याची ही युक्ती मला तरी मोठी चतुर वाटते.

ही युक्ती दर वेळी साधलीच असे नाही. दौलतराव शिंद्यांच्या पश्चात बायजाबाईंनी 1830 च्या सुमारास मणिकर्णिकेलगत असा प्रचंड घाट उठविला, की आपल्याच भाराने तो खचला. कौशल्याची वाण नव्हती, द्रव्याची तर नव्हतीच. पण गाळाच्या काठाने किती वजन सोसावे यास मर्यादा आहे, आणि ती सरदारांच्या चढाओढीस जुमानत नाही.

चढाओढ केवळ सरदारांतही राहिली नव्हती. नागपूर दरबारी अर्थखाते सांभाळणाऱ्या श्रीधर नारायण मुनशी यांनी 1812 च्या सुमारास बांधलेला वाडा धन्याच्या वाड्याहून देखणा आहे. बहुकोनी बुरूज, वरच्या मजल्यांवरील सज्जे आणि पायऱ्यांपासून सुमारे 50 फूट चढलेले ते चुनारी पाषाणाचे काम पाहिले, की त्या काळच्या मुत्सद्द्यांची मिळकत केवळ नेमणुकीच्या आकड्यावरून मोजू नये, असे मनात येते.

या साऱ्या बांधकामामागे एक राजकीय सलही होता. काशी-प्रयाग स्वराज्यात यावे ही पेशव्यांची आस. नानासाहेबांनी त्यासाठी अयोध्येच्या नवाबाशी पुष्कळ खटपट केली, पण पानिपताने ती आस संपविली, आणि 1775 मध्ये तर बनारस कंपनी सरकारच्या ताब्यात गेले. जेथे अंमल बसविता आला नाही तेथे घाट मात्र बांधता आले. पुढे काळाने अशी थट्टा केली, की खुद्द पेशवे घराणेच तेथे कंपनीचे तनखेदार होऊन राहिले. त्या घराण्यातील अमृतरावांस 1803 च्या तहान्वये सालिना सात लक्ष रुपये मिळाले. काठावर त्यांचा राजाघाट आहेच. परंतु शहराबाहेर त्यांची एक प्रशस्त बागही होती. 1824 मध्ये कलकत्त्याचा बिशप हेबर काशीत आला तो अमृतरावांच्या निधनाच्या नेमक्या वेळी, आणि त्याने त्या बागेची हकीकत लिहून ठेवली आहे. बागेस चार दरवाजे. वर्षातून एका नियत दिवशी त्यांतले तीन निरनिराळ्या प्रकारच्या याचकांस मोकळे, चौथा धन्याचा व चाकरांचा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत येईल त्या ब्राह्मणास, अंधास व पंगूस शेरभर तांदूळ आणि एक रुपया मिळे. मात्र तो घेतला, की कोणी दोनदा रांगेत उभा राहू नये म्हणून त्यास बागेतच थांबवून ठेवीत. सावली आणि पाणी तेथे होतेच. त्या एका दिवसाचा खर्च पन्नास हजारांवर जाई, असे हेबरने ऐकले होते.

ही बाग त्या पिढीतील बदलाची खूण आहे. वरुणेच्या बाजूस, सिक्रोल येथे, इंग्रजांची छावणी आणि बंगले उभे राहिले होते: ऐसपैस आवार, झाडी, बैठे घर, भोवती व्हरांडा. त्या गोऱ्या उपनगराची हवा काशीतील धनिकांसही मानवू लागली. जुन्या हिशेबात घराचे मोल गंगेच्या सान्निध्याने वाढे, कारण काशीत येणे ते शेवटचा दिवस तेथे गाठण्यासाठी; नव्या हिशेबात ते मोकळ्या जमिनीने वाढू लागले. पेशवे घराण्याचा आश्रयही फार काळ टिकला नाही. दुसऱ्या बाजीरावाचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या काशीतील आश्रयास मोरोपंत तांबे होते आणि त्यांची कन्या मणिकर्णिका, पुढची झाशीची राणी, तेथेच जन्मली. 1832 मध्ये चिमाजी आप्पा निवर्तले आणि तांबे ब्रह्मावर्तास गेले. आश्रयदाते सरले, तशी वाड्यांची देखभालही सरली.

मुनशींचा वाडा 1915 मध्ये दरभंग्याचे महाराज रामेश्वरसिंह यांनी विकत घेतला, आणि आज तेथे पंचतारांकित थाटाचे हॉटेल आहे. ज्या सज्जातून मुनशींच्या घरच्यांनी गंगा पाहिली त्या सज्जात बसण्याचे मोल आता रात्रीच्या दराने आकारले जाते. याबद्दल हळहळण्याचे मला कारण दिसत नाही. पैसा आला म्हणून दगड सावरला गेला. ज्यांना गिऱ्हाईक मिळाले नाही अशा कित्येक वाड्यांत भाडेकऱ्यांच्या पडद्या आणि पिंपळाची रोपे एकदमच वाढत आहेत. ब्रह्माघाटावरील आंग्र्यांच्या वाड्यात मराठी मंडळी अजून गणेशोत्सव करतात. काशीस जाणाऱ्याने नावेतून दर्शनी भाग पाहून परतू नये. मागच्या गल्लीने त्या वाड्याच्या दारापर्यंत जावे, आत मराठीत चौकशी करावी, आणि छपराच्या दुरुस्तीस काही देता आले तर द्यावे.