पंक्तिप्रपंच

लग्नसराई आली की एक पोस्ट हमखास फिरते. बफेनं संस्कृती बुडवली, ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं म्हणजे काय, पंगतीची मजा काही औरच! बरोबरच आहे. पंगतीला शिस्त होती. पानात वर मीठ, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाज्या. भातावर तूप पडल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही. यजमान हात जोडून "सावकाश होऊ द्या" म्हणत फिरणार. शेजाऱ्याचं जेवण व्हायच्या आत उठायचं नाही.

आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे पंक्तिप्रपंच करायचा नाही. एकाला जिलेबीचा आग्रह आणि दुसऱ्याच्या पानापुढून परात तशीच पुढे, हे चालायचं नाही. पाटलाला जे वाढलं तेच शेवटच्या पानावरच्या पोराला.

पण मंडळी, हा नियम पंगतीत बसलेल्यांपुरताच होता. बसणार कोण, हे आधीच ठरलेलं असायचं. जातीजातीच्या पंगती वेगळ्या. बायका शेवटी. गावकुसाबाहेरच्यांच्या वाट्याला उरलंसुरलं. आज जी पंगत आठवून आपण हळहळतो, तिचा हाही इतिहास आहे, आणि तो मोडायला लोकांनी काय काय सोसलंय.

१८४९ साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि मंडळींनी परमहंस सभा काढली. सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचा. एवढंच! पण तेसुद्धा गुपचूप. पुढे सभासदांची यादी बाहेर फुटायची वेळ आली आणि सभाच मोडली. पाव खाल्ला हे घरी कळणं एवढं महागात पडणारं होतं.

१८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखले होते. कुणी प्याले, कुणी नुसता कप हातात धरला. गोपाळराव जोशींनी (डॉ. आनंदीबाईंचे पती) नावं पेपरात छापून आणली आणि पुण्यात आग लागली. प्रकरण थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एका चहाच्या कपापायी!

कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. पाण्याला शिवला म्हणून मार खाल्लेल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढून दिलं. सुरुवातीला गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतःची गाडी हॉटेलासमोर उभी करून चहा मागवायचे, आणि सोबतच्या बड्या लोकांनाही पाजायचे. महाराजांसमोर नाही कोण म्हणणार? भाषणानं जे झालं नसतं ते एका कपानं केलं. पुढे १९३० च्या दशकात रत्नागिरीत सावरकरांनी सहभोजनं घातली, तेव्हा जेवायला बसलेल्यांवर बहिष्कार पडले.

हे सगळं पाठीशी होतं म्हणून संविधानाच्या १५ व्या कलमात दुकानं, उपाहारगृहं, विहिरी, तलाव अशी नावं घालून लिहावं लागलं की इथं जातीवरून कुणाला अडवता येणार नाही. देशाच्या सर्वोच्च कायद्यात हॉटेलाचा उल्लेख उगाच येत नाही. कपबशी वेगळी ठेवणारी माणसं होती म्हणून तो आला.

आता बफेत कोण कुणाशेजारी उभा आहे हे कुणी विचारत नाही. शाळेत खिचडीला पोरं एका ओळीत बसतात. हे आपोआप झालेलं नाही. म्हणून पंगत परत आणायची असेल तर जरूर आणा, पानाची मांडणीही पोरांना शिकवा. पण गावच्या पुढच्या भंडाऱ्यात थोडं बारकाईनं बघा. आचाऱ्याच्या हाताखाली कोण आहे, वाढपी कोण आहेत, पहिल्या पंगतीत कोण आणि कोपऱ्यात आपलं आपलं बसलेलं कोण? आणि घरी सगळ्यांचं आटोपल्यावर, गार झालेली भाकरी रोज कोण खातं?

पंक्तिप्रपंच करू नये, हे आपल्या आजीनंच सांगितलंय. फक्त तो वाढण्यापुरता धरू नका, बसण्यालाही लावा.

तुमच्या गावात पहिली एकत्र पंगत कधी बसली, कुणी बसवली? घरातल्या जुन्या माणसांना विचारा आणि कमेंटमध्ये लिहा. हा इतिहास कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही, तो त्यांच्याकडेच आहे.