टसर अंडीपुंज

टसर रेशीमकिड्याच्या (अँथेरिया मायलिटा) एका रोगमुक्त मादीने घातलेली सर्व अंडी. पूर्व विदर्भात मुख्यतः ढिवर कुटुंबे कोसा (टसर रेशीम) घेतात व बियाणेही बहुधा घरीच राखतात. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. या पट्ट्यातील स्थानिक वाण मात्र ‘भंडारा’ नावानेच ओळखला जातो. बोदलकसा तलाव (ता. तिरोडा) ते नागझिरा या पानझडी जंगलपट्ट्यात किड्याचे प्रमुख खाद्यझाड ऐन आढळते, अर्जुनाचा पालाही चालतो.

बीजकोष : हिवाळी पिकातील टणक, वजनदार, जिवंत कोष निवडून माळा ओवतात व हवेशीर, गार जागी टांगतात. कोषातील किडा उन्हाळाभर सुप्त राहतो. उष्णता वाढल्यास पतंग अवेळी निघतात आणि बियाणे वाया जाते.

अंडी : पावसाच्या सुरुवातीला, सहसा सायंकाळनंतर, पतंग बाहेर पडतात. रात्री नर-मादीची जोडी जमते. दुसऱ्या दिवशी ती सोडवून प्रत्येक मादी वेगळ्या झाकलेल्या मातीच्या भांड्यात किंवा जाळीच्या पिशवीत ठेवतात. तीन दिवसांत ती साधारण १५० ते २५० अंडी घालते. अंडे सुमारे ३ मिमी लांब, चपटे. चिकट द्रवामुळे आधी गडद तपकिरी दिसते, धुतल्यावर फिकट पिवळसर होते आणि कडेने दोन तपकिरी रेषा उमटतात. फॉर्मॅलिनच्या सौम्य द्रावणातून काढून, स्वच्छ पाण्याने धुऊन अंडी सावलीत वाळवतात. नऊ-दहा दिवसांनी, बहुधा सकाळी, अळ्या निघतात.

पेब्रिन : टसर पिकाचा सर्वांत घातक रोग. नोसेमा या सूक्ष्म परजीवीचे बीजाणू मादीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतात. म्हणून वरून निर्जंतुक केलेले अंडेही रोगी असू शकते. अंडी घातलेल्या मादीचे पोट खलात चिरडून तो रस सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. लंबगोल, चकाकणारे बीजाणू दिसले की त्या मादीची सर्व अंडी जाळतात. लुई पाश्चर यांनी तुती-रेशमासाठी १८६५ नंतर बसवलेली हीच पद्धत आजही आधारभूत आहे. घरगुती बियाण्यात नेमकी ही पायरी गळते. मादीवार अंडी वेगळी ठेवली नाहीत, तर नंतर तपासणी करूनही रोगी अंडी निवडून काढता येत नाहीत. घरच्या बियाण्याची परंपरा टिकवायची, तर सूक्ष्मदर्शक गावापर्यंत पोहोचणे अत्यावश्यक आहे.

संगोपन : अळ्या झाडावर सोडतात; चार काती टाकून त्या कोष विणतात. मुंग्या, गांधीलमाश्या, उझी माशी व पक्षी हे शत्रू. संगोपनकाळात ब्रह्मचर्य व सोवळे पाळण्याची प्रथा सांगितली जाते. तिच्या हेतूविषयी एकमत नाही.

संस्था : केंद्रीय टसर संशोधन व प्रशिक्षण संस्था, रांची (१९६४), रेशीम संचालनालय, नागपूर (१९९७).

विणकाम : टसरची करवतकाठी साडी प्रसिद्ध.