चित्रकाच कामाची हत्यारे

चित्रकाच (स्टेंड ग्लास) म्हणजे रंगीत काचेचे तुकडे ठरलेल्या आकृतीप्रमाणे कापून, शिशाच्या किंवा तांब्याच्या पट्टीने एकमेकांना जोडून तयार केलेले तावदान होय. असे तावदान तयार करण्यासाठी काच कापण्याची, तोडण्याची, घासण्याची, पट्टीत बसवण्याची आणि डाख देण्याची निरनिराळी हत्यारे लागतात. या हत्यारांपैकी बरीचशी मूळ स्वरूपात मध्ययुगीन युरोपातून चालत आलेली आहेत. विजेवर चालणारी मोजकी साधने त्यांत विसाव्या शतकात जमा झाली. हत्यारांची निवड प्रामुख्याने जोडणीच्या पद्धतीवर अवलंबून असते. शिशाच्या पट्टीचे काम आणि तांब्याच्या पातळ फितीचे काम यांना लागणारी सामग्री बरीच वेगळी आहे.

महाराष्ट्रातील पार्श्वभूमी

महाराष्ट्रातील चित्रकाचेचे सर्वांत महत्त्वाचे नमुने मुंबईत आहेत. कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील (१८५८) खिडक्यांची काच विल्यम वेल्स या इंग्रज कारागिराच्या कार्यशाळेतील आहे. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व राजाबाई मनोरा (बांधकाम १८६९–१८७८, आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट), छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (१८८८) आणि काळा घोडा येथील केनेसेथ एलियाहू सिनेगॉग (१८८४) या वास्तूंतही चित्रकाच आहे. यांपैकी राजाबाई मनोरा व ग्रंथालयाच्या इमारतीचे जतनकार्य २०१५ मध्ये पूर्ण झाले व त्याला २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख मिळाला. सिनेगॉगच्या जतनकार्याला २०१९ मध्ये याच पुरस्कारांतील गुणवत्ता पुरस्कार लाभला. दोन्ही ठिकाणच्या कामात चित्रकाचेच्या दुरुस्तीचा मोठा वाटा होता.

काच तयार करण्याचा उद्योग महाराष्ट्रात विसाव्या शतकाच्या आरंभी उभा राहिला. तळेगाव दाभाडे येथील पैसा फंडाचा काचकारखाना (१९०८) आणि ओगलेवाडीचा ओगले काचकारखाना ही त्याची ठळक उदाहरणे होत. या कारखान्यांचा भर कंदिलांच्या काचा, बाटल्या आणि नित्योपयोगी वस्तूंवर होता. जुन्या वाड्यांच्या दारांवरील झरोक्यांत लाल, निळी, हिरवी तावदाने दिसतात, परंतु ती लाकडी चौकटीत बसवलेली अखंड रंगीत काच असते. तिच्यात शिशाची जोडणी नसल्यामुळे तिला काटेकोर अर्थाने चित्रकाच म्हणता येत नाही. ही तावदाने बसवणाऱ्या सुताराला काच कापण्याचा हिरा आणि लांबी एवढ्यावर काम भागवता येत असे.

काच कापण्याची हत्यारे

काच वास्तविक कापली जात नाही. तिच्या पृष्ठभागावर एक बारीक चरा पाडतात आणि त्या चऱ्यावर ताण देऊन ती तोडतात. बाराव्या शतकात थिओफिलस या भिक्षूने आपल्या ग्रंथात वर्णन केलेल्या पद्धतीत तापवलेल्या लोखंडाच्या टोकाने काचेला तडा दिला जाई आणि कडा खाच असलेल्या लोखंडी पट्टीने कुरतडून नीट केल्या जात. पुढे हिऱ्याची कणी बसवलेले कलम आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोलादी चाकाचे कटर आल्यावर हिऱ्याचे महत्त्व कमी झाले, तरी बोलीभाषेत काचवाले आजही कटरला ‘हिरा’ म्हणताना आढळतात.

सध्या तीन प्रकारची कटरे प्रचलित आहेत. साध्या पोलादी चाकाचे कटर कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते व तसबिरींना चौकट बसवणारे कारागीर तेच वापरतात. सरळ रेघेसाठी ते पुरेसे असले तरी त्याचे चाक लवकर बोथट होते आणि वळणदार आकारात ते अडखळते. टंगस्टन कार्बाइडच्या चाकाचे कटर महाग असते, पण अनेक पटींनी जास्त टिकते. तिसऱ्या प्रकारात पोकळ दांड्यात तेल भरलेले असते आणि ते कापताना चाकापर्यंत आपोआप झिरपते. दांडा पेन्सिलीसारखा किंवा पिस्तुलाच्या मुठीसारखा असतो. ज्यांच्या बोटांत ताकद कमी आहे किंवा सांधे दुखतात त्यांना मुठीचा दांडा सोयीचा पडतो, कारण दाब बोटांवर न येता संपूर्ण पंज्यावर येतो. तेल म्हणून शिवणयंत्राचे हलके तेल किंवा रॉकेल चालते. नवशिक्याने एकाच वस्तूवर जास्त खर्च करायचा झाल्यास तो कटरवर करावा, असे या क्षेत्रात सर्वसाधारणपणे मानले जाते आणि ते योग्यच आहे. वाईट कटरमुळे वाया जाणाऱ्या काचेची किंमत चांगल्या कटरच्या किमतीला लवकरच गाठते.

चाकाच्या धारेचा कोनही पाहावा लागतो. चित्रकाचेसाठी वापरली जाणारी काच साधारण ३ मिलिमीटर जाडीची असते. जाड काचेसाठी बनवलेल्या चाकाचा कोन अधिक रुंद असतो व ते पातळ काचेवर नीट चालत नाही. चरा काचेच्या गुळगुळीत बाजूवर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, न थांबता एकदाच पाडायचा असतो. त्याच रेघेवरून दुसऱ्यांदा चाक फिरवल्यास काच वेडीवाकडी फुटते आणि चाकही खराब होते. दाब योग्य असल्यास कागद फाडल्यासारखा एकसारखा बारीक आवाज येतो. चऱ्यातून पांढरी भुकटी उडू लागली तर दाब जास्त झाला आहे असे समजावे.

तोडण्याच्या पकडी

चरा पाडल्यानंतर रुंद तुकडा हातानेच तुटतो. अरुंद पट्ट्या आणि वळणे यांसाठी पकडी लागतात. चरा धावता करणाऱ्या पकडीचे जबडे किंचित वक्र असतात. वरच्या जबड्यावरील मध्यरेषा चऱ्याशी जुळवून हलका दाब दिला की तडा चऱ्याच्या मार्गाने पुढे सरकतो. तोडण्याच्या पकडीचे दोन्ही जबडे सपाट व गुळगुळीत असतात. कुरतडण्याच्या पकडीचा एक जबडा सपाट, दुसरा वक्र आणि आतून दातेरी असतो. तिने कडेला राहिलेले टोकदार अवशेष काढतात. बाजारात शेवटच्या दोन्ही पकडींचे काम करणारी एकच पक्कड मिळते व सुरुवातीला तीच घेणे किफायतीचे ठरते. विजेच्या तारांसाठीची नेहमीची पक्कड या कामी वापरू नये, कारण तिने काच भलत्याच ठिकाणी चिरडते.

कडा घासणे

कडा घासण्यासाठी हिऱ्याच्या भुकटीचा थर असलेली फिरती दंडगोल कांडी बसवलेले विद्युत घासणयंत्र वापरतात. कांडीला स्पंजातून सतत पाणी मिळत राहते. पाण्यामुळे काच तापून तडकत नाही आणि भुकटी हवेत उडत नाही. तांब्याच्या फितीच्या कामात तुकडे एकमेकांना अगदी भिडावे लागतात, म्हणून तेथे हे यंत्र जवळजवळ अपरिहार्य झाले आहे. शिशाच्या कामात मात्र पट्टीच्या कडा तुकड्याची किनार झाकत असल्याने कार्बोरंडमचा दगड ओला करून हाताने घासणे पुरते. यंत्र हाताशी असले की कापण्यातील हयगय वाढते, अशी जुन्या कारागिरांची तक्रार आहे आणि तीत तथ्य आहे. घासून आकार देण्यापेक्षा नीट कापणे नेहमीच जलद होते. परदेशातून, विशेषतः अमेरिकेतून, मागवलेले यंत्र ११० व्होल्टचे असू शकते. भारतातील २३० व्होल्टच्या जोडणीवर ते थेट लावल्यास जळते, म्हणून खरेदीपूर्वी त्यावरील पट्टी वाचणे आवश्यक असते.

नमुन्याची कात्री

मूळ आकाराच्या रेखाटनावरून प्रत्येक तुकड्याचा जाड कागदी नमुना कापतात. त्यासाठीची कात्री तीन पात्यांची असून ती दोन नमुन्यांमधील कागदाची एक बारीक पट्टीच कापून काढते. ही पट्टी म्हणजे जोडणीसाठी सोडायची जागा होय. शिशाच्या पट्टीच्या मधल्या कण्यासाठी सुमारे १.६ मिलिमीटर, तर तांब्याच्या फितीसाठी त्याच्या साधारण निम्मी जागा लागते. ही जागा सोडली नाही तर प्रत्येक सांध्यागणिक तावदान थोडे थोडे वाढत जाते आणि शेवटी चौकटीत बसत नाही. मोठ्या खिडकीत ही चूक काही सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. अशी कात्री मिळाली नाही तर त्या जाडीच्या लेखणीने रेखाटन करून रेघेच्या दोन्ही कडांनी साध्या कात्रीने कापतात.

शिशाच्या कामाची हत्यारे

शिशाच्या पट्टीचा छेद इंग्रजी ‘एच’ अक्षरासारखा असतो. ती वापरण्यापूर्वी एक टोक छोट्या शिकंज्यात पकडून, दुसरे पकडीने ओढून ताणतात. त्यामुळे पट्टी सरळ होते. पट्टी कापण्यासाठी वक्र पात्याची सुरी लागते. ती दाबून न कापता डावी-उजवीकडे डोलवत खाली उतरवतात, अन्यथा पट्टीची पन्हळ चेपते. चेपलेली पन्हळ उघडण्यासाठी हाडाची किंवा कठीण लाकडाची चपटी पट्टी वापरतात. काम लाकडी फळीवर, दोन बाजूंना काटकोनात ठोकलेल्या रिपांच्या आधाराने चालते आणि बसवलेले तुकडे जागचे हलू नयेत म्हणून घोड्याच्या नालाचे चपटे खिळे तात्पुरते ठोकतात. चपट्या खिळ्यांमुळे काचेची कड खपलत नाही.

सांधे डाखून झाल्यावर पन्हळीत लांबी भरतात. ही लांबी खडूची भुकटी, जवसाचे तेल आणि काजळी यांची केलेली असते व ती ताठ ब्रशाने पट्टीखाली सारतात. तीच तावदानाला पाण्यापासून संरक्षण आणि ताठपणा देते. विदर्भात जवसाचे पीक घेतले जात असल्याने तेल मिळण्यास अडचण नसते, मात्र खाण्याचे कच्चे तेल फार सावकाश वाळते. रंगकामाच्या दुकानात मिळणारे उकळलेले जवसतेल मिसळल्यास लांबी लवकर घट्ट होते.

तांब्याच्या फितीची पद्धत

ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लुई कम्फर्ट टिफनी यांच्या दिव्यांच्या छत्र्यांमुळे लोकप्रिय झाली. प्रत्येक तुकड्याच्या कडेला चिकट पाठ असलेली तांब्याची पातळ फीत गुंडाळतात, ती प्लॅस्टिकच्या घोटणीने घट्ट बसवतात आणि फितीवर सलग डाख चढवतात. सर्वाधिक खपाची फीत सुमारे ५.६ मिलिमीटर रुंद असते. लहान तुकडे, वळणदार पृष्ठभाग आणि घरगुती वस्तू यांसाठी ही पद्धत उत्तम आहे. मोठ्या खिडकीसाठी शिशाची पट्टी अधिक योग्य ठरते.

डाख देण्याची साधने

डाख म्हणजे कथील आणि शिसे यांचा मिश्रधातू. ६० टक्के कथील असलेला डाख १८३ अंश सेल्सिअसला मऊ होऊ लागतो आणि सुमारे १९० अंशांना पूर्ण वितळतो. ५०-५० प्रमाणाच्या डाखाला त्याहून सुमारे २५ अंश अधिक लागतात. शुद्ध शिसे ३२७ अंशांना वितळते. इस्त्रीचे टोक डाख झटपट वितळवण्याइतके तप्त हवे, पण शिशाच्या पट्टीवर रेंगाळू नये, एवढ्या अंतरातच हे काम करावे लागते. म्हणून तापमान नियंत्रित करता येणारी ८० ते १०० वॉटची इस्त्री चांगली समजतात.

राळेगावसारख्या तालुक्याच्या गावी रेडिओ-मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मिळणारी सोल्डरिंगची इस्त्री बहुधा २५ वॉटची असते. तिने तारांचे सांधे होतात, परंतु तांब्याच्या लांब फितीवर तिची उष्णता ओढली जाते आणि डाख गोळ्यागोळ्यांनी बसतो. त्याच दुकानातील डाखाच्या तारेत आत राळ भरलेली असते. ती राळ जळून काचेवर चिकट डाग पाडते, म्हणून चित्रकाचेसाठी भरीव तार घ्यावी लागते. धातूवरील गंज काढणारा द्राव वेगळा लावतात. शिशासाठी परंपरेने चरबीची कांडी, तर तांब्यासाठी झिंक क्लोराइडचा किंवा ओलेइक आम्लाचा द्राव वापरला जातो.

रंगवणे आणि भाजणे

चेहरे, वस्त्रांच्या चुण्या व अक्षरे काचेवर रंगवून भट्टीत भाजतात. रंग म्हणजे लोहाचे किंवा तांब्याचे ऑक्साइड आणि काचेची भुकटी यांचे मिश्रण असून ते डिंकाच्या पाण्यात कालवतात. भाजण्याचे तापमान साधारण ६०० ते ६८० अंश असते. चौदाव्या शतकाच्या आरंभी युरोपात चांदीच्या क्षारांचा लेप वापरात आला. तो भाजल्यावर काच पिवळी होते. या कामासाठी लांब केसांचे सपाट ब्रश, रंग घोटण्याची काचेची पाटी व वरवंटा आणि विद्युत भट्टी लागते. हौशी कारागिराने भट्टी अगदी शेवटी घ्यावी, कारण तिच्याशिवायही पूर्ण तावदान तयार होऊ शकते.

सुरक्षितता

काचेच्या जखमेपेक्षा शिशाचा धोका मोठा आहे, पण तो दिसत नसल्याने त्याकडे दुर्लक्ष होते. शिसे वितळताना निघणाऱ्या वाफेपेक्षा हातावरून तोंडात जाणारी शिशाची भुकटी अधिक अपाय करते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना तो अपाय विशेष गंभीर असतो. म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यावर किंवा जेवणाच्या टेबलावर हे काम करू नये. कामाच्या जागी खाणे, पिणे व तंबाखू मळणे टाळावे, काम संपल्यावर हात साबणाने धुवावेत व कपडे वेगळे धुवावेत. फळी व जमीन कोरड्या केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने पुसावी. कापताना व घासताना डोळ्यांवर चष्मा आणि पायांत बंद पादत्राणे असावीत. दिव्यांच्या छत्रीसारख्या वरचेवर हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी शिसेविरहित डाख मिळतो. तो अधिक तापमानाला वितळतो आणि महागही असतो.

जतनकार्यातील साधने

जुन्या तावदानाच्या दुरुस्तीत हत्यारांचा क्रम उलटा होतो. सुरुवात कटरने न होता छायाचित्रण आणि शिशाच्या रेषांचा कागदावर घेतलेला घासठसा यांनी होते, कारण तावदान सुटे केल्यावर तुकड्यांची मांडणी याच ठशावरून परत मिळते. जुनी पट्टी सुरीने सोडवतात. मळ काढण्यासाठी कापसाचे बोळे आणि शुद्ध पाणी वापरतात. रंगवलेल्या भागावर घासणी किंवा आम्ल वापरल्यास मूळ रेखाटन पुसले जाते व ते परत मिळवता येत नाही. तडकलेला मूळ तुकडा बदलण्याऐवजी तांब्याच्या फितीने किंवा पारदर्शक रेझिनने सांधण्याकडे कल असतो. खिडकीत परत बसवताना तावदानाला आडव्या धातूच्या सळ्यांचा आधार देतात आणि तो तांब्याच्या तारांनी बांधतात. मुंबईसारख्या समुद्राकाठच्या शहरात लोखंडी सळ्या गंजून फुगतात व काचेला तडे पाडतात, त्यामुळे तेथे न गंजणाऱ्या धातूच्या सळ्या वापरणे श्रेयस्कर ठरते.