तीन पंचमांश माणूस आणि अर्धा कोयता

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिकांत बसणाऱ्या मुलांपर्यंत अमेरिकेचा इतिहास पोहोचतो तो मोबाइलवरून, बहुधा कुणीतरी पुढे ढकललेल्या पीडीएफच्या रूपात. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात अठराव्या शतकापासूनचा जगाचा इतिहास घातला. त्याच वर्षी, अमेरिकन क्रांती हे व्यापारवादाविरुद्धचे आर्थिक बंड होते हे सिद्ध करा, असा प्रश्नही आला. तेव्हापासून पैठण, गंगापूर, बीडकडून आलेली मुले बोस्टनच्या बंदरात किती पेट्या चहा बुडवला, हे एकमेकांना रात्री अकराला विचारत असतात. (३४२. परीक्षेत हा आकडा कुणी विचारत नाही, पण पाठ असतो.)

या देवाणघेवाणीला सरसकट ‘कॉपी’ म्हणणारे प्राध्यापक पुष्कळ आहेत. मला ते अपुरे वाटते. निकष एवढाच हवा, की एका हातातून दुसऱ्या हातात जाताना मजकूर बदलतो का? पीडीएफ बदलत नाही, म्हणून तिच्यातली चूकही शाबूत राहते. ‘सिव्हिल वॉर’चे ‘नागरी युद्ध’ हे यंत्राने केलेले भाषांतर असेच फिरते. मराठीला ‘यादवी’ हा शब्द थेट द्वारकेहून मिळालेला असताना!

याहून घातक चूक तीन पंचमांशांची. ‘१७८७च्या घटनेने गुलामांना तीन पंचमांश मताधिकार दिला,’ हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टिपणांत पाहिले आहे. गुलामाला मत नव्हतेच. प्रतिनिधिगृहात कोणत्या राज्याला किती जागा, हे लोकसंख्येवर ठरणार होते, आणि त्या मोजणीत पाच गुलामांचे तीन धरायचे, अशी ही तडजोड होती. गुलाम पूर्ण मोजावेत हा आग्रह दक्षिणेतल्या मालकांचा होता. मोजूच नयेत, असे उत्तरेतले अनेक जण म्हणत होते. म्हणजे माणूस जितका जास्त मोजला जाईल तितकी ताकद त्याच्या मालकाची वाढणार. ही उलटी गोष्ट टिपणातल्या एका ओळीत मावत नाही आणि पाठांतराने तर मुळीच कळत नाही.

ती उलगडली मुलांच्या मोबाइलवरच्या गटातल्या एका व्हॉइस नोटमध्ये. मागे पंख्याची घरघर, मधेच कुणीतरी चहाला हाक मारतो, आणि एक मुलगा सांगतो: समज, ग्रामपंचायतीचे सदस्य लोकसंख्येवर ठरतात. पाटलाने आपले सगळे सालगडी गावाच्या लोकसंख्येत धरायला लावले. सदस्य वाढले. मत मात्र सालगड्याला नाही, पाटलालाच.

पुढच्या दहा मिनिटांत गटात वाद पेटला. सालगडी गुलाम कसा? तो पाडव्याला दुसरा मालक धरू शकतो, गुलाम तर बाजारात विकला जातो. लगेच उलट प्रश्न आला: उचल फिटली नसेल तर कुठला पाडवा? इथे मुले नकळत गुलामीनंतरच्या काळात शिरली. लिंकनची १ जानेवारी १८६३ची घोषणा बंड केलेल्या राज्यांपुरती होती. देशभर गुलामी कायद्याने संपली ती डिसेंबर १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीने. पण जमीन मालकाचीच राहिली. सुटलेली माणसे त्याच रानात वाट्याने कापूस पिकवू लागली. बियाणे, औजार, पीठमीठ उधारीवर, आणि हिशेबाची वही मालकाकडे किंवा दुकानदाराकडे. मार्गदर्शक पुस्तके याला ‘शेअरक्रॉपिंग’ म्हणतात आणि पुढे जातात. मराठवाड्यातल्या मुलाला ‘बटई’ म्हटले की व्याख्या लागत नाही.

अमेरिकेतल्या गुलामीत आपले प्रश्न पाहण्याची ही वाट नवी नाही. फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकनांना. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांनी १९५० मध्ये याच शहरात महाविद्यालय सुरू केले, तेच पुढे मिलिंद झाले. म. ना. वानखेडे अमेरिकेत शिकून मिलिंदमध्ये प्राचार्य म्हणून आले, त्यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याची चर्चा इथे रुजवली. गंगाधर पानतावण्यांच्या ‘अस्मितादर्श’ नियतकालिकाने तिला घर दिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेऊन. मिलिंदच्या नागसेनवन परिसरातल्या त्या पिढीला अमेरिकेचा इतिहास कुठल्या पेपरसाठी नको होता. आजच्या मुलांना तो पेपरसाठीच हवा आहे, हा फरक मी लहान मानत नाही. परीक्षा जवळ आली की गटातले वाद थांबतात आणि ‘फक्त मुद्दे टाका’ सुरू होते. मात्र तोवर जो प्रश्न पेटतो, तो जुन्याच जातीचा असतो.

समजावणीची एक अडचण आहे: ती टिकत नाही. यंदा तेच जुने टिपण, तीन पंचमांश मताधिकाराच्या वाक्यासकट, पुन्हा गटात आले. कुणीतरी लिहिले, ‘चूक आहे, सालगडीवाली व्हॉइस ऐका.’ ती उघडेना. फाइल उपलब्ध नाही, एवढेच दिसे. मग बीडकडच्या एका मुलीने नव्याने सांगायला घेतले. तिच्या सांगण्यात सालगडी नव्हता. आमच्याकडे माणूस अपूर्णांकात मोजतातच, ती म्हणाली. ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर.

खाली एकाने विचारले, म्हणजे बाईची उचल वेगळी नसते?

‘मोजतात तिला,’ तिने लिहिले. ‘पैसे नवऱ्याच्या हातात.’